कोळसा खरंच घटतोय का? आकडे असे तपासा

'विजेतला कोळशाचा वाटा घटला' असं वाचलं की लगेच हुरळून जाऊ नका. समजा, एकूण वीज 100 होती आणि कोळशाचा वाटा 60 टक्के. पुढे वीज 120 झाली, वाटा 55 टक्क्यांवर आला. आता 120 चे 55 टक्के काढा: 66. म्हणजे कोळशाची वीज 10 टक्क्यांनी वाढली! हवेत कार्बन डायऑक्साइड जातो तो टनांनी, टक्क्यांनी नव्हे. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळशावरची वीज टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. त्यानंतरही जगात वर्षाला 800 कोटी टनांहून जास्त कोळसा जळतोय, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये.

नवीन केंद्राची बातमी आली तर हिशेब स्वतः मांडा. 1000 मेगावॅटचा संच वर्षाचे 8760 तास पूर्ण भाराने चालला, तर 876 कोटी युनिट वीज होते. सरासरी भार 60 टक्के धरला तर सुमारे 525 कोटी. प्रत्येक युनिटमागे साधारण 0.95 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. उत्तर येतं वर्षाला जवळजवळ 50 लाख टन, आणि असा संच 40 वर्षं चालू शकतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मेगावॅटलाच वीज समजणं. मेगावॅट ही क्षमता. संच बंद असला तरी ती कागदावर तेवढीच राहते. शिवाय नव्या क्षमतेतून बंद झालेले संच वजा केलेत का, तेही बघा.

पडताळा कोळशावरून घ्या. 40 टक्के कार्बन असलेला एक टन कोळसा म्हणजे 400 किलो कार्बन. त्याला 44 ने गुणून 12 ने भागा: सुमारे 1470 किलो वायू. कोळशापेक्षा वायू जड कसा? जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो म्हणून. कोळसा बदलला की हा आकडाही बदलतो, त्यामुळे दोन देशांचे नुसते टन शेजारी मांडू नका, उष्मांक, म्हणजे एक किलो कोळशातून किती उष्णता मिळते, ते विचारा.

'स्वच्छ कोळसा' हा शब्द मात्र फार फसवा आहे. कार्यक्षमता 35 वरून 40 टक्क्यांवर नेली, तर तेवढ्याच विजेसाठी कोळसा वाचतो साडेबारा टक्के. बाकीचा जळतोच. धुरातला गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा फुप्फुसांसाठी अत्यंत गरजेची आहे, पण ती कार्बन डायऑक्साइड अडवत नाही.

खाणीतून सुटणारा मिथेन या हिशेबात आलेला नाही. तो वेगळा मांडा, आणि 20 वर्षांच्या मुदतीत त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या 80 टनांहून जास्त तापवतो, हे धरूनच मांडा.