आजोबांची भट्टी पेटती ठेवायची तर

माण तालुक्यातल्या आमच्या गावात आजोबांची लोहारशाळा अजून उभी आहे. बलुतं बंद झालं, फाळ आणि कुळवाच्या पासा पाजवायला येणारे कमी झाले, तरी आम्ही जागा मोडली नाही. आता दर रविवारी भट्टी पेटते आणि पोरं बघायला येतात. घरची अशी जागा जपू पाहणाऱ्यांसाठी, मी शिकले ते सांगते.

आधी एक पक्कं करा : भट्टीच्या कोपऱ्यात उजेड वाढवायचा नाही. लोकांना नीट दिसावं म्हणून आम्ही तिथे ट्यूब लावली होती. काकांनी लोखंड बाहेर काढलं आणि हातोडा तसाच खाली ठेवला. "रंगच दिसंना, मारू कुठं?" म्हणाले. लोहाराला ताप रंगावरून कळतो. मंद लाल म्हणजे साधारण ७०० अंश, नारिंगी झालं की ९०० च्या पुढे. लखलखीत उजेडात लाल लोखंड काळं दिसतं आणि कुणीतरी त्याला हात लावतं. दिवा हवाच असेल तर दाराशी, हत्यारांच्या भिंतीवर लावा.

हत्यारांना रंग फासू नका. आम्ही ऐरणीला काळा ऑइलपेंट दिला होता. तिच्यावरच्या घावांच्या खुणा बुजल्या, शिवाय पोपडे सुटले तिथे ओल धरून गंज चढला. तो खरवडताना फार जीव तुटला. आता हत्यार हाताला सोसेल इतकं कोमट करून जवसाचं तेल आणि मेण फडक्यानं चोळते. तेलाचं फडकं गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेटू शकतो.

भात्याचं कातडं न वापरता पडून राहिलं की तडकतं. पंधरा दिवसांतून एकदा एरंडेल लावा आणि सावकाश ओढा. पावसाळ्यात बुरशी आली तर पुसून सावलीत वाळवा, आगीजवळ मुळीच नाही. रोजच्या कामाला हातानं फिरवायचा पंखा ठेवा, भाता पाहुण्यांसमोर ओढा.

आमच्याकडे भट्टीला लोणारी कोळसा, बाभळीचा. त्याच्या ठिणग्या लांब उडतात, म्हणून बघणाऱ्यांना दोरीपलीकडे आठ-दहा फुटांवर बसवा. काम करणाऱ्याच्या अंगात सुती कपडे, डोळ्यांना चष्मा, जवळ पाण्याची आणि वाळूची बादली. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप आगीत घालू देऊ नका, त्याचा धूर विषारी असतो.

दाखवायचं काय? नुसतं ठोकून दाखवू नका, गावाला लागणारी वस्तू करा. आम्ही गाडीच्या जुन्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचं, खुरपं करतो. पोरांना सगळ्यात आवडतं ते पाणी देणं, म्हणजे धार कडक करणं. लाल केलेल्या पात्याची फक्त धार बुडवायची, लगेच काढून विटकरीच्या तुकड्यानं घासायची. मागची धग धारेकडे सरकते आणि चकचकीत लोखंडावर पिवळा रंग चढत येतो. तो गव्हाळ झाला की पुन्हा बुडवायचं. उशीर झाला तर धार निळी पडते, मऊ राहते. त्या चार क्षणांत पोरं अगदी चिडीचूप असतात.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरच्या सिद्धगिरी म्युझियममध्ये बलुतेदारांचे पुतळे आहेत, मन लावून केलेले. ते जरूर बघा. पण आपल्या घरात काम येणारे हात असतील तर त्यांनाच ऐरणीशी उभं करा.

माहितीचा फलक लिहाल तेव्हा बायकांना विसरू नका. आमच्या जुन्या फोटोत फक्त आजोबा आहेत. भाता आजी ओढायची, आणि जाड पहार असली की समोरून घणही तीच मारायची. घणाच्या दांड्यावर तिच्या हातांनी पडलेली झिलई आहे. तो दांडा मी बदलू दिलेला नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना आताच विचारा, आवाज मोबाइलवर टिपून घ्या आणि प्रत्येक हत्यारापाशी ते कुणाच्या हातातलं होतं ते लिहा.

शाळेला सहलीची तारीख देण्याआधी कालनिर्णय बघा. अमावास्येला आमच्याकडे ऐरणीवर घाव पडत नाही, आणि खंडेनवमीला तर तिची पूजा असते.