दाब, धर, सोड म्हणायला कोणी नसेल तेव्हा

पूर्वी ब्रेकची हवा काढायची म्हणजे मुलगा गाडीत आणि मी चाकाशी. ‘दाब... धर... सोड.’ आता तो बंगलोरला असतो. गेल्या पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येताना एका वळणावर पाय नेहमीपेक्षा खोल गेला. दुसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेक लागला. घरी येऊन बघतो तर बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या डबीतलं ऑईल कोऱ्या चहाच्या रंगाचं.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणात पाण्याला काय तोटा! नवं डॉट 4 दर्जाचं ऑईल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ते 155च्या आसपासही उकळू शकतं. उतारावर सारखा ब्रेक दाबला की नळीतच वाफ धरते. ऑईल दबत नाही, वाफ दबते.

चाकाजवळच्या ज्या पोकळ स्क्रूतून ही हवा आणि जुनं ऑईल बाहेर काढतात, तो ब्लीडर निपल. तेव्हापासून मी व्हॉल्व्हवाले निपल वापरतो. आत बारीक गोळी आणि स्प्रिंग. पॅडल दाबलं की गोळी सरकते, ऑईल बाहेर पडतं. सोडलं की ती जागेवर बसते आणि हवा उलटी शिरत नाही. ‘धर’चं काम ती गोळी करते. घेताना आटे तपासा. जाडी तीच पण पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, वेगळी असली तर निपल दोन आटे बसतो, आणि जोर लावला की कॅलिपरचेच (निपल ज्यात बसतो त्या चाकावरच्या ब्रेकच्या भागाचेच) आटे जातात.

गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दगड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड हवाच. जुना निपल गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा आणि सहा कोनी रिंग पानाच वापरा. डबीतलं जुनं ऑईल सिरिंजने काढून सीलबंद बाटलीतलं नवं भरा. अर्धी उरलेली गेल्या वर्षीची बाटली नको.

मॅन्युअलमध्ये चाकांचा क्रम असेल तो पाळा. नसेल तर सर्वांत लांबचं, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, आधी. निपल पाव ते अर्धा फेरा सैल करा, पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवा. पॅडल सावकाश दाबा, सावकाश सोडा. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे मास्टर सिलेंडरचे (पॅडल दाबल्यावर ऑईल ढकलणाऱ्या पंपाचे) रबर कधी न घासलेल्या, गंजलेल्या भागावर जाणार नाहीत.

दर सात-आठ दाबांनी उतरून डबी बघा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. मी एकदा हे भोगलंय.

नळीत आधी मोठे बुडबुडे येतात, मग मोहरीएवढे. हे बारीक थांबतच नसतील तर हवा बहुधा निपलच्या आट्यांतून येतेय. आट्यांवर लावलेला सीलंट खोल-बंद करून झिजतो. तो नवा लावावा लागतो. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्येच हवा गेली असेल तर मात्र स्कॅनरवाल्या गॅरेजशिवाय इलाज नाही.

रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो. निपल आवळा, पण बेताने. इंजिन चालू करून पॅडल टणक आहे ना ते बघा, मग गल्लीत चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा ब्रेक मारा. दुसऱ्या दिवशी निपलची रबरी टोपी काढून बोट फिरवा. ओल लागली तर गळतंय.