प्रश्नांचा कागद घेतलात का?

परदेशात दत्तक मुलाला पहिल्यांदा भेटायला निघालेल्यांची बॅग कपडे, डायपर आणि खेळण्यांनी फुगलेली असते. हे सगळं तिथेही मिळतं. पासपोर्ट, व्हिसा, पैसे, स्वतःची औषधं यांबद्दल सांगत बसत नाही. कपडे मात्र दोन मापांचे घ्या, कारण अहवालातलं वजन-उंची बहुतेक वेळा जुनं झालेलं असतं. ही नुसती भेट आहे की मूल ताब्यात मिळणार, तेही निघण्याआधी लेखी विचारून घ्या. काही देशांत दोन वेगळ्या फेऱ्या कराव्या लागतात.

कागदपत्रांतलं एकच सांगते. दोन्ही देश १९९३ च्या हेग करारात (देशांदेशांमधल्या दत्तकविधानाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) असतील आणि दत्तकविधान तिथेच पूर्ण होणार असेल, तर दत्तकविधान करारानुसार झाल्याचं, कलम २३ चं प्रमाणपत्र मागून घ्या. त्याच्या जोरावर ते दत्तकविधान बाकीच्या सदस्य देशांत आपोआप मान्य होतं. नाव, जन्मतारीख, स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा.

आता प्रश्नांचा कागद. तो घरी शांतपणे लिहायचा, तिथल्या भाषेत करून घ्यायचा आणि छापून न्यायचा. फोनमध्ये ठेवू नका, त्या वेळी फोनवर व्हिडिओ चालू असतो आणि तुमचं डोकं ठिकाणावर नसतं. मूल कुशीवर झोपतं की पालथं? दिवा लागतो का? थोपटतात की झुलवतात? दूध कितपत कोमट? शू लागली की काय म्हणतं? कशाला घाबरतं? रोज कोणत्या नावाने हाक मारतात? फाइलमधलं नाव नकोय, खरोखर मारतात ती हाक हवी. बाटलीचं निपलसुद्धा बघून घ्या. खूप मुलं एकदम पाजायची असली की काही ठिकाणी त्याचं भोक मोठं करून ठेवतात. तुम्ही नवं कोरं निपल तोंडात देता, मूल दोनदा ओढतं, काही येत नाही म्हणून मान फिरवून रडतं, आणि तुम्हाला वाटतं, त्याला आपण नकोच आहोत.

हे प्रश्न मूल जिथे राहतं त्या संस्थेच्या ऑफिसात विचारू नका. तिथे फाइल वाचून दाखवतील. रोज सांभाळणाऱ्या मावशींना विचारा, त्यातही रात्रपाळीच्या मावशींना, आणि दुभाष्याला आधीच सांगा की मला त्यांच्याशी अर्धा तास हवा आहे. सह्या, फोटो, सत्कार हे नंतर. मागच्या खेपेला आम्ही नेमकं उलटं केलं. पहिली रात्र कशी काढली ते विचारू नका. कागद हातातल्या पिशवीत ठेवा. सामानात टाकलेला कागद नसल्यासारखाच.

भेटीच्या दिवशी अत्तर-परफ्यूम नको. आल्या आल्या मुलाला उचलू नका. जमिनीवर बसा, मावशींना त्याला घेऊन जवळ बसू द्या. त्यांच्यासमोर त्याला एकदा भरवा, एकदा डायपर बदला, कागदावरची उत्तरं बरोबर आहेत का ते तिथेच कळेल. मूल मावशींना चिकटून रडलं तर खट्टू होऊ नका, त्याला माणसाचा लळा लागतो याची ती खूण आहे. उलट दगडासारखं गप्प बसलेलं मूल ‘किती शहाणं आहे’ म्हणून मिरवू नका. ते बहुधा भेदरलेलं असतं. पहिल्या मिनिटाला तुमच्या गळ्यात पडलं तरी हुरळू नका, कारण काही मुलं कुणाच्याही गळ्यात पडतात. निघताना त्याचं वापरातलं पांघरूण किंवा सदरा मागा, बदल्यात नवा द्या. आणलेलं जुनं कापड धुवायचं नाही. वास जाऊ द्यायचा नाही.

आणि मावशींबरोबर मुलाचा फोटो काढा. उद्या ते विचारेलच.

हॉटेलवर भरवणं, अंघोळ, झोपवणं फक्त तुम्हीच करा. संस्थेतल्या वेळापत्रकाने चालवा, तुमच्या नाही. वेळापत्रक कुठून येणार? कागदावरून. हॉटेलवरून फोन करून विचारता येईल हा भ्रम आहे, त्या मावशी सुट्टीवर असतात आणि दुभाषा फोन उचलत नाही.

विमान वर चढताना आणि उतरताना दूध-पाणी पाजत राहा, म्हणजे कान दुखत नाहीत. सुके कपडे स्वतःसाठीही घ्या.

परत आल्यावर मुलांच्या डॉक्टरांकडे लवकर जा: क्षयरोग, हिपॅटायटिस बी, जंत, लसीकरणाच्या नोंदी. तिथलं कार्ड पाहून सगळं झालंय असं धरून चालू नका. नातेवाइकांनी विमानतळावर गर्दी करू नये, हे आत्ताच सांगून टाका. रुसतील. रुसू देत.