‘तीन डोस झालेत’ म्हणून भागत नाही: हिपॅटायटिस बी आणि वॉर्डातल्या चुका

नवीन इंटर्नची बॅच आली की मी एकच प्रश्न विचारते, “टायटर किती?” म्हणजे हिपॅटायटिस बीच्या लसीनंतर रक्तात अँटिबॉडी किती आहेत. उत्तर ठरलेलं असतं, “सिस्टर, तीन डोस झालेत ना माझे!” अरे बाबांनो, डोस घेतले म्हणजे अँटिबॉडी तयार झाल्याच असं नाही. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करायचं. १० (mIU/ml) किंवा वर आलं की विषय संपला, एरवी धडधाकट असाल तर बूस्टरच्या मागे लागू नका. कमी आलं तर तीन डोस पुन्हा, टायटर पुन्हा.

आमच्या कॅज्युअल्टीत एका इंटर्नने रात्री रक्त घेतलं आणि घाईत दोन्ही हातांनी सुईला टोपण घालायला गेला. सुई थेट अंगठ्यात. पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. हा बेसिनपाशी उभा राहून लिंबू पिळावं तसा अंगठा पिळतोय! पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, बस्स. लसीचं कार्ड घरी, टायटर कधी केलेलंच नाही. सकाळी रिपोर्ट आला, १० च्या खाली. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत द्यायचं असतं आणि आमच्या फार्मसीत ते नव्हतं. दुपारपर्यंत फोनाफोनी करून मिळवलं. लसीचा डोसही त्याच दिवशी दिला. पुढे सहा महिने प्रत्येक तपासणीला पोराचा चेहरा पांढराफटक.

आणि एवढ्यात त्याने विचारलं काय, तर एचआयव्हीचं! सुई टोचून एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची शंभरात ६ ते ३०. घाबरायचं तर हिशेबाने घाबरा.

टोपण परत घालूच नका. माझी सवय सांगते: पंक्चरप्रूफ पांढरा डबा हाताशी ठेवल्याशिवाय मी सुई उघडतच नाही. डबा तीन-चतुर्थांश भरला की बदला, वरून दाबून जागा करणाऱ्यांना माझ्या वॉर्डात थारा नाही.

दुसरा डोस चुकला? पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेले पूर्ण करा. लस दंडातच, कमरेत नाही. लसीची गोठलेली व्हायल (बाटली) फेकून द्या.

सगळ्यात चीड येते ती सफाईच्या कंत्राटी मावशी-मामांना लसीच्या यादीतून वगळण्याची. पांढऱ्या डब्याऐवजी पिवळ्या पिशवीत तुम्ही टाकलेली सुई टोचते त्यांना, आणि लस मात्र ‘स्टाफ’ला! २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची असं स्पष्ट लिहिलंय. ठेकेदाराकडे बोट दाखवणाऱ्या ऑफिसला मी नियमाची झेरॉक्स देते आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलत नाही.