कोंबडीच्या आतड्यात नवीन बॅक्टेरिया सापडला म्हणताय? आधी या चुका टाळा

एमएस्सी-पीएचडीच्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो, १६एस जीन (बॅक्टेरिया ओळखायला वाचतात तो जीन) ब्लास्टमध्ये (डीएनए डेटाबेसशी जुळवून बघायचं टूल) टाकला तर ९६ टक्केच मॅच येतोय, नवीन स्पीशीज आहे ना? असू शकते, कारण कोंबडीच्या सिकममध्ये (आंधळ्या आतड्यात) अजून नाव न मिळालेले बॅक्टेरिया ढिगाने आहेत. पण माझं म्हणणं एवढंच की तो जुनाच आहे हे सिद्ध करायचा आधी जिवापाड प्रयत्न करा, आणि तो फसला तरच नवीन म्हणा.

सगळ्यात आधी तो ९६ चा आकडा तपासा. नुसती टेक्स्ट फाईल नको, क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंग मशीनचा मूळ आलेख) उघडा. सँगर सिक्वेन्सिंगचं एक रीड (एका वेळी वाचलेला तुकडा) साधारण ७००-८०० बेसपर्यंत नीट असतं, पुढे आलेखातले पीक (उंचवटे) पसरट होतात, एकमेकांवर चढतात, सॉफ्टवेअर तिथे एन (म्हणजे बेस ओळखता आला नाही) टाकत सुटतं, आणि हे शेपूट न कापता ब्लास्टला दिलं की टक्के पडणारच ना. आणि सुरुवातीपासूनच एका जागी दोन-दोन पीक दिसत असतील तर पहिला संशय मिक्स कल्चरचा घ्या, पुन्हा स्ट्रीक करा (प्लेटवर रेघा ओढून पसरवा), सुटी कॉलनी उचला, परत स्ट्रीक करा. (एकाच जिनोममध्ये १६एसच्या थोड्या वेगळ्या कॉप्या असू शकतात हे खरं, ई. कोलायमध्येच ७ कॉप्या असतात, पण तो विचार नंतर.) २७एफ आणि १४९२आर या १६एसच्या दोन टोकांच्या प्रायमरनी दोन्हीकडून रीड घेऊन जवळपास पूर्ण जीन जोडा, अर्ध्या जीनवर निर्णय नको.

तुलना टाइप स्ट्रेनशीच (स्पीशीजचा अधिकृत नमुना स्ट्रेन) करायची. ब्लास्टमध्ये वर "अनकल्चर्ड बॅक्टेरियम" आलं म्हणून काहीच ठरत नाही, इझबायोक्लाउडवर (टाइप स्ट्रेनच्या १६एसचा ऑनलाइन डेटाबेस) टाका, तिथे ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर आशा आहे. पण ९९ आलं म्हणून जुनीच, असंही नाही, काही ग्रुपमध्ये वेगळ्या स्पीशीजचा १६एस जवळजवळ सारखाच असतो. तिथे जिनोमच लागतो, एएनआय आणि डिजिटल डीडीएच हे दोन जिनोममधल्या साम्याचे टक्के, त्यात एएनआय ९५-९६ च्या खाली आणि डीडीएच ७० च्या खाली पाहिजे. जिनोम सिक्वेन्सिंगला पाठवण्याआधी कल्चरची शुद्धता आणि आल्यावर चेकएम या सॉफ्टवेअरमध्ये कंटॅमिनेशन बघा, नाहीतर दोन बॅक्टेरियांची खिचडी नवीन स्पीशीज म्हणून मिरवेल. नावंही एलपीएसएनवर (बॅक्टेरियांच्या अधिकृत नावांची वेबसाइट) ताजी बघा, २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसचे तुकडे होऊन आपले ओळखीचे रियुटेरी आणि सॅलिव्हेरियस वेगळ्या जीनसमध्ये गेले, जुन्या नावाने शोधलं की गोंधळ होतो.

मॅल्डी-टॉफने (प्रोटीनच्या ठशावरून बॅक्टेरिया ओळखणारं मशीन) ओळखलं नाही म्हणजे नवीन, हा समज तर सोडूनच द्या. त्या मशीनच्या लायब्ररीत ते नाही एवढाच अर्थ होतो, आणि लायब्ररी मुख्यतः माणसांच्या आजारांसाठी बनलेली असते, पोल्ट्रीचे बॅक्टेरिया त्यात कमीच.

बायोकेमिकल टेस्टवरही एकट्यावर विसंबू नका. हेलिकोबॅक्टर पुलोरम १९९४ मध्ये कोंबड्या आणि जुलाब झालेल्या माणसांमधून नवीन म्हणून नोंदला गेला, पण नेहमीच्या टेस्टमध्ये तो कॅम्पायलोबॅक्टर लॅरी किंवा कोलाय म्हणून सहज खपून जातो.

आता जिथे सगळ्यात जास्त हातचं जातं ते, म्हणजे वाढवणं. लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्यांच्या लिव्हरवर बारीक फिकट ठिपके पडतात, अंडी घटतात, मर होते, हा स्पॉटी लिव्हरचा आजार १९५० च्या दशकापासून माहीत होता, पण कारण असलेला कॅम्पायलोबॅक्टर हेपॅटिकस नावारूपाला आला थेट २०१६ मध्ये, ऑस्ट्रेलियात. तो सावकाश वाढतो, कॉलनी बारीक, आणि सिकमच्या सॅम्पलमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जेजुनायसारखे भराभर वाढणारे त्याला झाकून टाकतात. लिव्हर आणि पित्तात तो बऱ्यापैकी एकटा सापडतो, तिथून काढणं सोपं जातं. म्हणजे प्लेट दोन दिवसांत फेकून देऊ नका, भिंगातून बारीक कॉलनी बघा, आणि सॅम्पल कुठून घेताय याचा विचार करा.

सिकममधले बहुतेक कडक अ‍ॅनएरोब (ऑक्सिजन न चालणारे) असतात. मीडियातला रेझाझुरिन हा सूचक रंग गुलाबी झाला की ऑक्सिजन शिरलाय, ती ट्यूब वापरूच नका. तापमानही बघा, कोंबडीचं शरीर ४१-४२ डिग्रीचं, सगळं ३७ वरच ठेवलं तर काहीजण हुकतात. आणि फार्मवाल्याला फीडमध्ये अँटिबायोटिक होतं का हे विचाराच, कोलिस्टिनवर २०१९ पासून बंदी आहे पण बाकी बरंच काही असू शकतं, आणि त्यानुसार सॅम्पलमध्ये कोण उरलंय ते बदलतं.

शेवटचं पेपरवर्क, जे सगळे शेवटी बघतात आणि अडकतात. टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या दोन कलेक्शनमध्ये (जिवंत कल्चर जपणाऱ्या संस्था) जमा झाल्याशिवाय नाव अधिकृत होत नाही. आपल्याकडे पुण्यात एनसीएमआर (पूर्वीचं एमसीसी) आणि चंदीगडला एमटीसीसी ही कलेक्शन आहेत, पण दुसरी जागा परदेशात, आणि भारतातला बॅक्टेरिया बाहेर पाठवायचा म्हणजे जैवविविधता कायदा २००२ लागू होतो, चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा विषय येतो. कलेक्शनचं जमा झाल्याचं सर्टिफिकेट यायला वेळ लागतो, म्हणून जिनोम हातात आला की त्याच आठवड्यात कलेक्शनला मेल टाका, आणि तोवर ग्लिसरॉल स्टॉक मायनस ८० मध्ये किमान दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा.