आईंचा व्हिडिओवरचा व्यायाम : कॉल लागायच्या आधी घरात काय काय तयार ठेवायचं

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागायचा आजार, आणि गेल्या वर्षी हार्टच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे जाळीही बसली. विडी-सिगारेट त्यांनी आयुष्यात शिवली नाही, पण पस्तीस-चाळीस वर्षं चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ केला, तो धूर छातीत बसला तो बसलाच. दोन्ही डॉक्टर म्हणाले की गोळ्यांइतकाच व्यायाम गरजेचा आहे, पण आम्ही राहतो कराडच्या पुढं, असा व्यायाम करून घेणारं रिहॅब सेंटर पुण्यात, आठवड्यातनं तीनदा एसटीनं जाऊन येणं ७२ व्या वर्षी कसं जमायचं, म्हणून व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरवलं. मला आधी शंका होती की फोनवर कसला व्यायाम, पण २०२१ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं असे १५ अभ्यास एकत्र तपासलेत, १९०४ पेशंट, बहुतेक सीओपीडीचेच, आणि फायदा साधारण सेंटरवर जाणाऱ्यांइतकाच दिसला, वर कोर्स पूर्ण करणारे घरून ९३ टक्के आणि सेंटरवर ७० टक्के. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, मॅडमना आपण दाखवू तेवढंच दिसतं, हात लावून बघता येत नाही, त्यामुळं तयारी सगळी आपल्यावर येते.

सुरुवात डॉक्टरांपासून. हार्टचे आणि छातीचे, दोघांचाही होकार घ्या आणि तो कागदावर घ्या. ऑक्सिजन किती खाली आला की थांबायचं, बीपी किती असेल तर त्या दिवशी व्यायामच नको, पंप, म्हणजे तोंडानं ओढायचं दम्याचं औषध, व्यायामाआधी घ्यायचा का, छातीत दुखलं तर जिभेखालची गोळी द्यायची का आणि किती, हे सगळं लिहून आणा. आम्हाला ऑक्सिजनसाठी ८८ चा आकडा दिलाय, तुमचा वेगळा असू शकतो, आमचा वापरू नका. इको (हार्टची सोनोग्राफी), ईसीजी, पीएफटी (फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी) यांचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मॅडमना आधीच पाठवून ठेवा. आईंना नाडी मंद ठेवणारी गोळी आहे, त्यामुळं त्यांची नाडी व्यायामातही फार वर जात नाही, हे मॅडमना गोळीचं नाव वाचूनच कळलं, नाहीतर नाडी वाढेना म्हणून त्यांनी जोर वाढवला असता. बायपास होऊन थोडेच दिवस झाले असतील तर हातानं ओढायचे-ढकलायचे व्यायाम कधीपासून चालतील ते सर्जनलाच विचारा, छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात.

मग खुर्ची. प्लास्टिकची अजिबात नको. पहिल्याच दिवशी आई उठायला गेल्या आणि खुर्ची फरशीवरनं मागं सरकली, मी शेजारीच होते म्हणून दंड धरला, नाहीतर काय झालं असतं विचार करवत नाही. आता लाकडी, बिनहाताची, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली खुर्ची असते, बसल्यावर तळपाय पूर्ण जमिनीला टेकतील एवढी उंची, साधारण दीड फूट. मिनिटभरात किती वेळा उठून बसता येतं ती टेस्ट याच खुर्चीवर होते, म्हणून खुर्ची बदलायची नाही, बदलली तर मागच्या आकड्याशी ताळा लागत नाही. पायपुसणं, सतरंजी, चार्जरची वायर सगळं उचलून ठेवायचं. पायात घरातली स्लिपर नको, मागनं बंद असलेले, तळ न घसरणारे बूट हवेत.

फोन आम्ही स्टुलावर ज्वारीच्या डब्याला टेकवून आडवा ठेवतो, सहा-सात फूट लांब, जरा बाजूनं. खिडकी आईंच्या मागं आली तर चेहरा काळा दिसतो आणि ओठ निळसर पडलेत का ते मॅडमना कळत नाही, म्हणून उजेड समोरनं. "काकू, मला तुमचे पाय दिसू देत," असं मॅडम तीनदा म्हणाल्या तेव्हा लक्षात आलं की साडीत घोटे, गुडघे काहीच दिसत नाहीत. ड्रेस घाला म्हटलं तर आई ऐकेनात, मग साडीच थोडी वर खोचायची ठरलं, त्यानं घोट्यावरची सूजही दिसायला लागली आणि पायात अडकून पडायची भीतीही गेली. कानाचं मशीन असेल तर त्याचा सेल बघा, फोन फुल चार्ज करा, आणि नातेवाईकांना सांगून ठेवा की साडेदहा ते सव्वाअकरा फोन करू नका.

बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या ऑक्सिमीटरचं जरा सविस्तर सांगते कारण त्यानं आम्हाला एकदा घाबरवलं. डिसेंबरात सकाळी आईंनी गार पाण्यानं हात धुतले आणि लगेच बोट लावलं तर ८४. माझे हातपाय गळाले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, आधी तळवे चोळा, हात मांडीवर ठेवा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. दोन मिनिटांनी ९४ आला. तेव्हापासून गार बोटावर मोजायचं नाही, नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी असलेल्या बोटावर नाही, आणि हात हलत असताना तर नाहीच. पण नीट मोजूनही कमीच येत असेल तर मशीनला दोष देत बसायचं नाही, व्यायाम रद्द आणि डॉक्टरांना फोन.

त्या दिवसाची तयारी सकाळीच सुरू होते. उठल्यावर लघवीला जाऊन आल्यावर वजन, रोज त्याच काट्यावर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी साठत असतं, व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांना कळवायचं. नाश्ता हलका आणि दीड तास आधी. शुगर असेल आणि इन्सुलिन किंवा गोळी चालू असेल तर आधी तपासा आणि साखर हाताशी ठेवा. पंप सांगितला असेल तर पंधरा मिनिटं आधी, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, लावूनच. आणि धूर, हे आमच्या घरात सगळ्यात अवघड गेलं. त्या तासात उदबत्ती नाही, मिरचीची फोडणी नाही, ऊस तोडीच्या दिवसांत शेजारच्या शिवारात पाचट पेटवलं की सगळ्या खिडक्या बंद. ज्यांच्याकडं ऑक्सिजनचं मशीन आहे त्यांनी देवघरातला दिवा तर लांब ठेवाच, नळी पायात येणार नाही बघा आणि लाईट गेली तर सिलेंडर भरलेला आहे का तेही.

दम किती लागला ते सांगायला शून्य ते दहाचा तक्ता भिंतीला लावायचा असतो. आईंना कधीही विचारा, उत्तर एकच, "काही नाही गं, बरी आहे." तक्रार करायची सवयच नाही त्या पिढीला. मग आम्ही दोघींनी बसून त्यांच्या भाषेत लिहिलं, तीन म्हणजे आडावरनं एक घागर आणल्यावर, पाच म्हणजे दोन घागरी घेऊन चढ चढल्यावर, आता त्या बरोबर सांगतात. तीन-चारच्या आसपास ठेवायचं असं मॅडमचं म्हणणं. शिवाय चालता चालता जात्यावरची एक ओवी म्हणायला लावते, सलग म्हणता आली नाही की वेग कमी. ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा तो मात्र फुंकणीसारखा जोरात नाही, बशीतल्या चहावर घालतो तशी हलकी, लांब फुंकर.

एकट्यानं करायचं नाही, दाराला आतनं कडी नाही. फोनशेजारी चिठ्ठी हवी, १०८, डॉक्टरांचा नंबर, घराचा पत्ता खुणेसकट, कारण घाईत तोच आठवत नाही. माझा आणि शेजारच्या भाऊजींचा नंबर मॅडमकडं आहे, कॉल तुटला तर त्या दोन मिनिटांत लावतात. छातीत दाब, घाम फुटणं, चक्कर, छातीत धडधड, यातलं काहीही झालं की तिथंच थांबायचं आणि बसवायचं. जिभेखालची गोळीही बसवूनच द्यायची, बीपी एकदम उतरतं, उभ्यानं दिली तर माणूस पडतो.

व्यायाम संपला की लगेच गरम पाण्याची अंघोळ नको, दहा मिनिटं पंख्याखाली बसून नाडी आणि ऑक्सिजन परत लिहायचा. वही साधी दोनशे पानी आहे, पहिल्या पानावर उठबस ९, परवाच्या पानावर १३. पुढच्या तीन पानांवर तारखा मी आत्ताच घालून ठेवल्यात, सोमवार, बुधवार, शुक्रवार.