आयपी अ‍ॅड्रेस टेक्स्टमध्ये नको, नंबर करून ठेवा
बेळगाव, खानापूर, निपाणीकडं जे लोकल इंटरनेटवाले कुठलं कनेक्शन किती डेटा ओढतंय याचा हिशोब मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ठेवतात त्यांच्यासाठी हे. आयपीव्ही४ (नेहमीचा चार आकड्यांचा आयपी अ‍ॅड्रेस) म्हणजे मुळात ३२ बिटचा नंबरच, टेक्स्टमध्ये टाकला तर १५ अक्षरांपर्यंत जागा खातो आणि नंबर केला की फक्त ४ बाइट, रोज लाखो ओळी पडणाऱ्या टेबलात हा फरक लई मोठा, इंडेक्सपण (ओळी पटकन शोधायची यादी) तेवढाच बारीक होतोय. आयनेट_एटॉन फंक्शननं १९२.१६८.१.१० चं ३२३२२३५७८६ होतं, परत वाचायला आयनेट_एनटोआ. कॉलम मात्र अनसाइन्डच (उणे आकडे नसलेला) घ्या बरं का! साध्या इंट कॉलममध्ये २१४७४८३६४७ च्या वर काही मावत नाही, आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारी किंमत आली की एरर देणारी सेटिंग) बंद असला तर १२८.०.०.० पासून पुढचे सगळे अ‍ॅड्रेस गुपचूप त्याच एका आकड्यावर अडकतात, मग कुणाचा डेटा कुणाच्या नावावर तेच कळंना. आख्ख्या एरियाचा ट्रॅफिक काढायचा तर बिटवीन लावा, ३२३२२३५७७६ ते ३२३२२३६०३१ म्हटलं की १९२.१६८.१ ची पूर्ण रेंज आली. फंक्शन कॉलमवर लावू नका, शोधायच्या किमतीवर लावा, नाहीतर इंडेक्स वापरला जात नाही. आयपीव्ही६ (नवे, लांब अ‍ॅड्रेस) साठी १६ बाइटचा वारबायनरी कॉलम आणि आयनेट६_एटॉन फंक्शन. मायएसक्यूएलऐवजी पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर आयनेट टाइप तयारच आहे की, तोच घ्या.